ज्येष्ठांच्या कण्याचे मोजमाप नागपुरातच व्हावे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझी पत्नी ६९ वर्षांची आहे. प्रतापनगरातील आमच्या घरापासून दत्ताच्या देवळापर्यंतचे अंतर तिच्या चालीने साडेचारशे पावलांचे आहे आणि दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत ते ती बोलता बोलता चालून जात असे. आता सकाळच्या वेळी १७५ पावलांच्या आसपास तिच्या पोटऱ्या जड होतात, मांड्यांना मुंग्या येतात आणि वाटेतल्या कोणाच्या तरी ओट्यावर तिला टेकावे लागते. दोन मिनिटे पुढे वाकून बसली की सारे ओसरते आणि ती पुन्हा जवळपास तेवढेच चालते. संध्याकाळी तोच आकडा शंभरावर येतो. मात्र मुलीकडे पुण्याला गेलो असताना नातवाची बाबागाडी ढकलत ती बागेत पाऊण तास फिरली आणि एकदाही बसली नाही. हे मी आठवणीवरून लिहीत नाही. एका औष्णिक वीजकेंद्राच्या कंट्रोल अँड इन्स्ट्रुमेंटेशन विभागात ३१ वर्षे नोकरी झाल्यामुळे रीडिंग लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. गेल्या १४ महिन्यांची तिची सकाळ-संध्याकाळची पावले माझ्या वहीत तारखेनिशी आहेत.

ती वही समोर ठेवूनच हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे असे की वयाबरोबर रोज बदलत जाणाऱ्या कण्यावर आपण एकदाच मोजून कायमचे ठरवून टाकलेले उपाय करीत आहोत. बदलत्या यंत्राला कसे सांभाळावे याचे शास्त्र अभियांत्रिकीत सुमारे सत्तर वर्षांपासून आहे, आणि कणा जाणणारी व ते शास्त्र जाणणारी अशी दोन्ही प्रकारची माणसे आपल्या या एकाच शहरात आहेत. त्यांनी एका टेबलाशी बसून नागपूरच्या ज्येष्ठांच्या कण्यावर मिळून संशोधन हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

पत्नीच्या दुखण्याला लंबर कॅनाल स्टेनोसिस म्हणतात. कमरेच्या मणक्यांतून नसांचा जुडगा ज्या नळीतून खाली उतरतो, ती नळी वयानुसार अरुंद होत जाते: मणक्यांमधली गादी चपटी होऊन मागे फुगते, नळीच्या मागच्या बाजूचे अस्थिबंध जाड होतात आणि मणक्यांच्या लहान सांध्यांची हाडे वाढून आत येतात. नेदरलँड्समधील न्यूरोसर्जन हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ मध्ये या विकाराचे नीट वर्णन केले. ताठ उभे राहिले की नळी आणखी आवळली जाते आणि पुढे वाकले की मोकळी होते. बाबागाडीच्या दांड्यावर ओणवे होऊन चालताना पत्नीचे पाय का दुखले नाहीत, याचे उत्तर तेच आहे. शंभर पावले चालू न शकणारा असा रुग्ण हँडलवर वाकून सायकलने मात्र सहज मैलभर जाऊ शकतो, हे अनेक डॉक्टरांनी पाहिलेले आहे. 'सायकल चालवता येते, मग चालायलाच काय होते', असे म्हणून घरची माणसे अशा रुग्णाला आळशी ठरवतात, ते यामुळेच अन्यायाचे आहे.

आपल्या कण्यात हलणारे मणके २४ आणि त्यांच्यामधल्या गाद्या २३. या गाद्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. वरच्या-खालच्या हाडांतून जे झिरपत येते त्यावरच त्या जगतात. तरुणपणी गादीच्या गाभ्यात ८० टक्क्यांच्या घरात पाणी असते, ते वयाबरोबर कमी होते, आणि त्याखेरीज रोजच्या रोजही ते कमी-जास्त होत असते: दिवसभर अंगावर पडणाऱ्या भाराखाली पाणी बाहेर निघते आणि रात्री आडवे झाल्यावर परत मुरते. त्यामुळे सकाळी उठल्यावर माणूस रात्रीपेक्षा साधारण दीड-दोन सेंटीमीटर उंच असतो. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण करून पाहावी. ज्या कण्याला आपण एकच वस्तू समजतो, तो सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असतो. माझ्या वहीतल्या सकाळ-संध्याकाळच्या फरकात या पाण्याचा वाटा किती, दिवसभराच्या थकव्याचा किती आणि दुपारच्या स्वयंपाकघरातल्या उभे राहण्याचा किती, हे शास्त्रशुद्ध मोजमाप केल्यावाचून कोणालाच सांगता येणार नाही.

आज मोजमाप म्हणून रुग्णाच्या हाती पडते ते एमआरआयचे पाकीट. त्या तपासणीचे महत्त्व मी कमी लेखत नाही, परंतु ती बहुधा रुग्णाला आडवे निजवून, गुडघ्यांखाली उशी देऊन होते. म्हणजे ज्या स्थितीत नळी बरीच मोकळी असते आणि रुग्णाला काहीच त्रास होत नसतो, त्याच स्थितीत. आमच्या भाषेत सांगायचे तर वीजनिर्मितीचा संच बंद करून त्याचा फोटो काढावा आणि त्यावरून तो पूर्ण लोडवर कसा चालेल हे सांगावे, असा हा प्रकार आहे. शिवाय चित्रात दिसणारी झीज म्हणजे दुखणे नव्हे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठीचा कोणताही त्रास नसलेल्या लोकांची छायाचित्रे तपासली गेली, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. 'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य ऐकून घाबरलेल्या प्रत्येक ज्येष्ठाला हे दोन आकडे कोणीतरी समजावून सांगायला हवेत.

पत्नीचे दुखणे सुरू झाले तेव्हा आम्ही ज्या रुग्णालयात गेलो, तेथे तिला सहा आठवडे अंथरुणावर विश्रांती आणि कमरेला दिवसरात्र पट्टा असे सांगण्यात आले. पट्ट्याचे माप दुकानदाराने उभ्याने घेतले आणि वॉकरची उंचीही त्याच दिवशी ठरली. सहा आठवड्यांनंतर तिची कमर थोडी शांत झाली होती, पण खुर्चीच्या हातांवर भार दिल्याशिवाय तिला उठता येत नव्हते आणि मांड्यांचा घेर माझ्या टेपवर दोन सेंटीमीटरने उतरला होता. तपासणीला पुन्हा गेलो, तेव्हा 'वयाचे आहे, एवढे चालायचेच' असे म्हणून तोच पट्टा आणि तोच वॉकर पुढे चालू ठेवला गेला. साध्या तीव्र कंबरदुखीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच गुणकारी ठरते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९८६ मध्येच प्रयोगाने दाखवले होते आणि तेव्हापासून जगभरचा कल रुग्णाला लवकर हलते करण्याकडे आहे. मला अधिक लागलेली गोष्ट वेगळी आहे. सहा आठवड्यांत तिचे शरीर बदलले होते, आणि तो बदल मोजून उपाय बदलावा अशी काही व्यवस्थाच तेथे नव्हती.

आता माझ्या कामाविषयी थोडे. आमच्या २१० मेगावॅटच्या संचात बॉयलरमधून टर्बाइनकडे जाणाऱ्या वाफेचे तापमान ५४० अंशांच्या आसपास ठेवावे लागे. ते सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये, तापमान चुकले की पाण्याच्या फवाऱ्याची झडप किती आणि किती वेगाने हलवायची याचे आकडे आम्ही बसवत असू. उन्हाळ्यात, कोरड्या कोळशावर बसवलेले आकडे चोख काम करीत. पावसाळा लागला आणि खाणीतून ओला, मातीमिश्रित कोळसा येऊ लागला की तेच आकडे बिघडत. तापमान एका जागी राहण्याऐवजी वर-खाली झोके घेऊ लागे. याला आम्ही हंटिंग म्हणत असू. रात्री दोन वाजता डेस्क इंजिनिअरचा फोन येई, 'साहेब, लूप मॅन्युअलवर घेतला आहे', म्हणजे कंट्रोलर बाजूला ठेवून झडप हाताने चालवणे सुरू आहे. आम्ही जाऊन गेन, म्हणजे कंट्रोलरच्या दुरुस्तीचा जोर, कमी करीत असू आणि सकाळी लोड वाढला की तोच गेन अपुरा पडे. कंट्रोलर वाईट नव्हता आणि बॉयलरही वाईट नव्हता. बॉयलर बदलत होता आणि कंट्रोलरला त्याची खबर नव्हती, एवढाच दोष होता.

याच अडचणीवर 'अडॅप्टिव्ह कंट्रोल' म्हणजे स्वतःला जुळवून घेणारे नियंत्रण हे शास्त्र उभे राहिले. त्याची सुरुवात १९५० च्या दशकात वेगवान विमानांच्या स्वयंचलित उड्डाणासाठी झाली, कारण जमिनीजवळच्या दाट हवेत आणि उंचावरच्या विरळ हवेत तेच विमान अगदी निराळे वागते. एका पद्धतीत आपल्याला हवे तसे वागणारा एक आदर्श नमुना गणिताने तयार ठेवतात आणि प्रत्यक्ष यंत्र त्या नमुन्यापासून किती ढळते ते पाहून कंट्रोलर आपले आकडे आपणच बदलत जातो. दुसऱ्या पद्धतीत कंट्रोलर यंत्र चालू असतानाच त्याचे गुणधर्म अजमावत राहतो आणि त्या अजमावणीवरून स्वतःला ट्यून करतो. स्वीडनमधील कार्ल ओस्ट्रॉम आणि ब्योर्न विटेनमार्क यांनी १९७३ मध्ये या दुसऱ्या पद्धतीचा पाया घातला. दोन्हींचे मर्म एकच आहे: मोजणे कधी थांबवायचे नाही.

कणा आणि कंट्रोल यांची सांगड माझ्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात कण्याच्या यांत्रिकीवर आयुष्यभर काम केलेले मूळचे भारतीय अभियंते मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये असे मांडले की कणा स्थिर राहतो तो तीन व्यवस्थांच्या मेळाने: हाडे, गाद्या व अस्थिबंध ही पहिली, स्नायू ही दुसरी, आणि या दोहोंकडून खबर घेऊन स्नायूंना हुकूम देणारी मज्जासंस्था ही तिसरी. पहिली झिजली तर दुसरी आणि तिसरी तिची भरपाई करतात. भरपाईची ताकद संपली की दुखणे डोके वर काढते. कंट्रोल इंजिनिअरने कण्याकडे पाहून लिहावे तसेच हे आहे. त्याच येल विद्यापीठात, त्याच दशकांत, मूळचे मद्रासचे कुंपती नरेंद्र हे अडॅप्टिव्ह कंट्रोलच्या स्थिरतेचे गणित मांडत होते, आणि १९८० च्या सुमारास ज्या संशोधकांनी या नियंत्रणाच्या स्थिरतेच्या पक्क्या सिद्धता दिल्या त्यांत त्यांचा वाटा मोठा आहे. दोन भारतीयांनी एकाच परक्या आवारात या दोन विषयांची उंची गाठली, हे मला फार मोलाचे वाटते, आणि आपल्या आवारांत ते विषय एकत्र यायला काय हरकत आहे, असा प्रश्नही पडतो.

खरे तर शरीर स्वतःच एक अडॅप्टिव्ह कंट्रोलर आहे. हाडावर जसा भार पडेल तसे ते स्वतःला घडवते, हे जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. भार नाहीसा झाला की हाड आणि स्नायू दोन्ही ओसरतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे हेच होते. उभे राहणे हेही एक न थांबणारे नियंत्रण आहे. उभा माणूस म्हणजे तळहातावर उभी धरलेली काठी. डोळे, कानातला तोलाचा अवयव आणि पायांच्या तळव्यांची जाणीव यांकडून खबर जाऊन स्नायू हलेपर्यंत सेकंदाचा काही अंश उलटतो, आणि वय वाढले की हा विलंब वाढतो. विलंब वाढलेल्या लूपमध्ये जोरकस दुरुस्ती केली की झोके सुरू होतात, हे कोणत्याही डेस्क इंजिनिअरला ठाऊक असते. म्हणून म्हातारे शरीर दुसरा मार्ग धरते: पोटाचे आणि पाठीचे स्नायू एकदम आवळून स्वतःला ताठ करून घेते. त्याने तोल सांभाळला जातो, पण गाद्यांवरचा भार वाढतो. कमरेत वाक आलेली आजी गुडघ्यांतही वाकून चालते, ती सवयीने नव्हे. पुढे गेलेला तोल पायांवर परत आणण्यासाठी तिचे ओटीपोटाचे हाड मागे फिरते आणि गुडघे दुमडतात. या भरपाईचीही किंमत असते आणि ती मांड्या व गुडघे मोजतात. अशा शरीराला बाहेरून पट्टा, काठी, वॉकर किंवा व्यायाम देताना आपण एका चालत्या कंट्रोलरच्या आत दुसरा कंट्रोलर बसवत असतो, आणि तेव्हा पहिला काय करतो आहे हे न पाहता दुसऱ्याचे आकडे ठरवणे धोक्याचे असते.

या विचाराची फळे जगात दिसू लागली आहेत. असह्य, जुनाट पाठदुखी आणि पायदुखी असलेल्यांच्या मज्जारज्जूजवळ तारा बसवून सूक्ष्म विजेने वेदना दाबण्याचा उपचार १९६७ पासून आहे. त्यात मोठी अडचण अशी की रुग्ण खोकला, वाकला किंवा कुशीवर वळला की तार आणि मज्जारज्जू यांतले अंतर बदलते आणि तीच वीज कधी झटका देते तर कधी जाणवतही नाही. नव्या यंत्रात मज्जारज्जूने दिलेला प्रतिसाद प्रत्येक स्पंदनानंतर मोजून पुढच्या स्पंदनाची वीज कमी-जास्त केली जाते. अशा १३४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर मोजून जुळवून घेणाऱ्या यंत्राच्या गटात ८३ टक्के आणि ठरावीक वीज देणाऱ्या यंत्राच्या गटात ६१ टक्के रुग्णांची वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरली. २०२२ मध्ये अमेरिकेत त्या यंत्राला मान्यता मिळाली. शस्त्रक्रिया करून बसवण्याची ही महागडी वस्तू आपल्या सामान्य ज्येष्ठांसाठी आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. यंत्र तेच, तारा त्याच, फक्त अखंड मोजून वीज जुळवली म्हणून एवढा फरक पडला, हे मला दाखवायचे आहे.

जुळवून घेणाऱ्या यंत्राची भीतीही मी लपवणार नाही. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी एक्स-१५ हे अमेरिकेचे प्रायोगिक विमान कोसळले आणि वैमानिक मायकेल अ‍ॅडम्स यांचा मृत्यू झाला. त्या विमानात अडॅप्टिव्ह कंट्रोल होते. वातावरणात परतताना विमान हेलकावे खाऊ लागले तेव्हा त्या कंट्रोलरने आपला गेन कमी करायला हवा होता, पण तो कमाल मर्यादेजवळच अडकून राहिला आणि हेलकावे थांबले नाहीत. त्या अपघातानंतर हा विषय बरीच वर्षे संशयाच्या छायेत राहिला. स्थिरतेच्या सिद्धता आणि मर्यादा घालण्याच्या पद्धती आल्या तेव्हा कुठे त्याला पुन्हा मान मिळाला. बॉयलरच्या बाबतीत चूक झाली तर संच ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. ७५ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत चूक झाली तर तो पडतो आणि त्याचे खुब्याचे हाड मोडते. म्हणून ज्येष्ठांसाठीच्या कोणत्याही साधनाला ठाम कमाल-किमान मर्यादा हव्यात, वीज गेली तरी ते साध्या काठीसारखे निमूट उभे राहिले पाहिजे, आणि रुग्णाच्या हातात मॅन्युअलचे बटण असलेच पाहिजे. अभियंता आणि डॉक्टर यांनी पहिल्या दिवसापासून एकत्र बसावे, असे मी म्हणतो ते मुख्यतः या सुरक्षेपायी.

नागपुरातच हे का, याचीही माझ्याकडे कारणे आहेत. जगातल्या ज्या मोजमापांवर साधने बनतात ती बहुतेक खुर्चीवर बसणाऱ्या समाजांची आहेत. आपल्या बायका मांडी घालून पोळ्या लाटतात, उकिडव्या बसून भांडी घासतात, आपले पुरुष पंगतीत तासभर जमिनीवर बसतात. जमिनीवरून उठणे हा आपल्या ज्येष्ठाच्या कण्याचा रोजचा सर्वांत अवघड व्यायाम आहे आणि परदेशी वॉकर त्या क्षणी काहीच उपयोगाचा नसतो. हाडांच्या ठिसूळपणाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये हाडांच्या घनतेसाठी ठरवलेली उणे अडीच ही रेषा, जिच्याखाली हाडे ठिसूळ समजली जातात, मुळात गोऱ्या स्त्रियांच्या मापांवरून आली. ती विदर्भातल्या, उन्हात राबलेल्या किंवा उलट आयुष्यभर पदराआड राहिलेल्या बाईला किती लागू पडते, हे येथील मापांवरच ठरू शकेल. घागर उचलताना मणका दबून मोडतो आणि पुष्कळदा कोणाला कळतही नाही. आजीची उंची कमी झाली, पोक आला, एवढेच घरच्यांना दिसते. आणि आपला उन्हाळा तर आहेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की रबरी अस्तराचा पट्टा कमरेला अर्धा तासही ठेववत नाही. पत्नीच्या वहीत एप्रिल ते जून पट्टा लावल्याच्या खुणा जवळपास नाहीत. जे साधन वर्षातले तीन महिने खुंटीवर टांगलेले राहते, त्याचे गुणदोष थंड देशातल्या प्रयोगशाळेत कधीच कळणार नाहीत.

माणसे आणि संस्था यांची येथे वाण नाही. बजाजनगरला विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे आणि तेथे विद्युत अभियांत्रिकीचे जुने, नावाजलेले शिक्षण आहे. १९४७ पासून चालत आलेले आपले मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मेयो रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे, सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही आणि शहरात फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. एमटेकचा एखादा विद्यार्थी कंट्रोल सिस्टिमवर प्रबंध लिहितो तेव्हा त्याला बहुधा उलट्या लोलकाचे, म्हणजे तळहातावर उभ्या धरलेल्या काठीसारख्या वस्तूचे, किंवा मोटरचे उदाहरण घेऊन संगणकावरच काम भागवावे लागते. त्याला एक मार्गदर्शक अभियांत्रिकीचा आणि एक अस्थिरोग किंवा फिजिओथेरपी विभागाचा दिला, तर तोच उलटा लोलक त्याला मेडिकलच्या ओपीडीच्या रांगेत, काठीवर रेलून उभा असलेला भेटेल. त्याच्यासाठी वेगळी इमारत लागत नाही. दोन विभागप्रमुखांची सही, नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णांची समजून-उमजून दिलेली संमती एवढे लागते.

सुरुवात अगदी साध्या मोजमापाने करता येईल आणि माझा सारा भर त्यावर आहे. यंत्रे नंतर बनवावीत. आपल्या शहरात ठिकठिकाणी ज्येष्ठ नागरिक मंडळे आहेत, सकाळी अंबाझरीला आणि फुटाळ्याला फिरायला येणारी मंडळी आहेत. त्यांपैकी इच्छुकांची न बसता चालता येणारी पावले सकाळी व संध्याकाळी, वर्षभर, सगळ्या ऋतूंत नोंदवावीत. आजच्या साध्या मोबाइलमध्ये हालचाल मोजणारे सेन्सर असतात; तो कमरेला बांधला तर चालण्याची लय, कमरेचा झोक आणि वाक यांची नोंद आपोआप होते. मानेच्या कण्यासाठी तर उपकरणही लागत नाही: दहा सेकंदांत मूठ पूर्ण मिटून पूर्ण उघडण्याची क्रिया किती वेळा होते ते मोजावे. निरोगी माणसाला ती २० किंवा त्याहून जास्त वेळा जमते. आकडा बराच कमी असेल, शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळत असतील आणि चालताना पाय अनिश्चित पडत असतील, तर मानेत मज्जारज्जू दबत असण्याची शंका घेऊन डॉक्टरांकडे जावे. हे दुखणे बहुधा फारसे दुखत नाही, म्हणूनच ते उशिरा ध्यानात येते. वाचकांनी हे वाचून झाल्यावर घरातल्या ज्येष्ठांसोबत एवढे तरी करून पाहावे.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांवरील माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली आणि त्यात हाताची पकड, तोल, चालण्याचा वेग हे सारे प्रत्यक्ष मोजले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे मोजमाप होऊ शकते, याचा तो पुरावा आहे. परंतु एकाच माणसाचा कणा दिवसागणिक आणि ऋतूगणिक कसा बदलतो, हे सांगायला थोडी माणसे आणि पुष्कळ दिवस लागतात, आणि असे काम एका शहरातल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांनाच नीट जमते. जगात कंबरदुखीने बेजार असलेल्यांची संख्या २०२० मध्ये ६१.९ कोटी होती आणि २०५० पर्यंत ती ८४.३ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. या वाढीचा मोठा भाग म्हाताऱ्या होत जाणाऱ्या लोकसंख्येचा आहे आणि त्यात आपण सारे येतो.

मोजमाप हाती आल्यावर साधनांचे काम आपसूक पुढे सरकेल. चढावर आणि उतारावर हाताच्या दांड्याची उंची आपोआप बदलणारा वॉकर. बसले की सैल होणारा आणि ओझे उचलताना आवळणारा, जाळीदार, घाम जाऊ देणारा पट्टा. रोजच्या पावलांच्या नोंदीवरून उद्याचा व्यायाम किंचित वाढवणारी किंवा कमी करणारी साधी पद्धत: यांतले शेवटचे तर कोणतेही यंत्र न घेता आम्ही दोघे घरीच करीत आहोत. मागच्या आठवड्याची सरासरी गाठली की पुढच्या आठवड्यात दहा पावले वाढवायची, सलग दोन दिवस ती चुकली तर वीस कमी करायची, आणि पायात बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा जाऊ लागला तर सारे थांबवून तडक रुग्णालय गाठायचे, असा आमचा नियम आहे. फिजिओथेरपीच्या ताईंनी तो पाहून दुरुस्त करून दिला. चौदा महिन्यांपूर्वी सकाळचा आकडा ११० होता, तो आज १७५ आहे. एका रुग्णाच्या एका आकड्यावरून काहीही सिद्ध होत नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. दोनशे रुग्णांचे असे आकडे असते तर काही म्हणता आले असते.

माझी वही, तिच्या झेरॉक्स प्रती आणि संगणकावर उतरवलेल्या सर्व नोंदी, पत्नीच्या संमतीने, जी संस्था हे काम हाती घेईल तिला मी विनामूल्य देईन. सुरुवातीला नोंदी घ्यायला माणूस नसेल तर रोज सकाळी दोन तास मी स्वतः येईन, आणि माझ्या ओळखीचे आणखी तिघे निवृत्त सहकारीही यायला तयार आहेत. संबंधित विभागप्रमुखांनी आपल्या वृत्तपत्रामार्फत कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त कंट्रोल इंजिनिअर
प्रतापनगर, नागपूर